पक्षी-छायाचित्रणाचा छंद : बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे झालेल्या स्थित्यंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छंदांचा इतिहास हा आपल्याकडे इतिहासलेखनाचा दुय्यम विषय मानला जातो. राजकीय घडामोडी आणि सामाजिक चळवळी यांच्या तुलनेत माणसे फावल्या वेळात काय करीत होती, हा प्रश्न अभ्यासकांना किरकोळ वाटतो. परंतु काही छंदांनी ज्ञानव्यवहाराच्या पद्धतीच बदलल्या आहेत. रानातील पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद हा त्यांपैकी एक होय. एखादा पक्षी अमुक ठिकाणी आढळला, हे सिद्ध करण्यासाठी तो मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवावे लागे, अशी एक वेळ होती. आज त्या कातड्याची जागा बऱ्याच अंशी छायाचित्राने घेतली आहे. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. ‘बंदूक वाईट आणि कॅमेरा चांगला’ असे सरळ समीकरण या विषयावरील लेखनात नेहमी मांडले जाते. साधनांचा इतिहास पाहता ते पुरेसे टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

काचेची प्लेट आणि घरटे

या छंदाचा प्रारंभ सामान्यतः इंग्लंडमधील रिचर्ड कीर्टन (१८६२-१९२८) आणि चेरी कीर्टन (१८७१-१९४०) या बंधूंपासून मानला जातो. यॉर्कशायरमधील थ्वेट या खेड्यात वाढलेले हे दोघे भाऊ पुढे लंडनमध्ये प्रकाशन व्यवसायात नोकरीस होते. एप्रिल १८९२ मध्ये लंडनच्या परिसरात चेरी यांनी थ्रश पक्ष्याच्या अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र काढले. त्यातून १८९५ साली ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील सर्व चित्रे प्रत्यक्ष निसर्गात काढलेल्या छायाचित्रांवरून घेतलेली होती आणि हेच त्याचे वैशिष्ट्य होते.

पक्षी-छायाचित्रणाचा आरंभ पक्ष्यापासून न होता घरट्यापासून झाला, ही बाब लक्षणीय आहे. त्याचे कारण भावनेत नसून तंत्रात आहे. त्या काळातील काचेच्या प्लेटा प्रकाशाला मंद प्रतिसाद देत. भिंगांचा पल्ला बेताचा होता आणि कॅमेरा तिपाईवर उभा करून, डोक्यावर काळे कापड घेऊन, आधीच ठरवलेल्या बिंदूवर रोखावा लागे. उडणारा किंवा फांदीवरून फांदीवर जाणारा पक्षी अशा यंत्राच्या आवाक्यात येणे जवळजवळ अशक्य होते. पक्षी हमखास परत येईल आणि क्षणभर स्थिर बसेल, अशी जागा वर्षभरात एकच असते, आणि ती म्हणजे त्याचे घरटे. यंत्राच्या मर्यादेमुळे छायाचित्रकार घरट्यापाशी गेला. यंत्र सुधारल्यावरही ही सवय अनेक दशके सुटली नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

घरट्याजवळ जायचे तर माणसाने अदृश्य व्हायला हवे. त्यासाठी कीर्टन बंधूंनी योजलेल्या युक्त्या आज गमतीच्या वाटतात. त्यांनी बैलाचे कातडे चौकटीवर ताणून पोकळ बैल तयार केला. आत माणूस आणि कॅमेरा बसत असे. हा बैल एकदा आतल्या माणसासह उलथला आणि त्याचे चारही पाय आकाशाकडे गेले, असा किस्सा सांगितला जातो. पोकळ मेंढीचाही प्रयोग झाला. पुढे या खटाटोपाऐवजी कापडी ‘लपण’ रूढ झाले. लपणात दोघांनी जायचे आणि एकाने उघडपणे निघून जायचे, म्हणजे माणूस गेला असे समजून पक्षी घरट्यावर परततो, हा संकेत छायाचित्रकारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

छायाचित्र हे केवळ शोभेचे चित्र नसून पुरावा ठरू शकते, हे एमा टर्नर (१८६७-१९४०) यांच्या कार्यातून स्पष्ट झाले. बिटर्न हा पाणथळीतील पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये प्रजनन करीनासा झाला होता. १९११ मध्ये नॉरफोकच्या दलदलीत टर्नर यांनी या पक्ष्याच्या पिल्लाचे छायाचित्र घेतले आणि तो तेथे पुन्हा वीण करू लागल्याचे त्यातून सिद्ध झाले. त्यासाठी एकाही पक्ष्याला प्राण गमवावा लागला नाही.

भारतातील परंपरा

भारतातील पक्षिशास्त्राची उभारणी मात्र बंदुकीवरच झाली. १८८५ साली मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याच वर्षी आपला पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. कातडी आणि अंडी मिळून त्यात सुमारे ८२,००० नमुने होते. इतिहासाचे विद्यार्थी एका ह्यूमना ओळखतात आणि पक्षिशास्त्राचे विद्यार्थी दुसऱ्या. दोघे एकच असल्याचे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांना नवल वाटते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची (स्थापना १८८३) परंपराही याच वळणाची होती. १९०८ मध्ये छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी एक मुलगा या संस्थेत गेला आणि पुढे तोच डॉ. सलीम अली म्हणून विख्यात झाला. थोडक्यात, भारतीय पक्षिनिरीक्षणाचे प्रवेशद्वार बंदुकीनेच उघडले.

कॅमेऱ्याची परंपरा येथे समांतरपणे वाढली, आणि तीही प्रामुख्याने ब्रिटिश नोकरदारांच्या हातून. आर. एस. पी. बेट्स आणि ई. एच. एन. लोथर ही यातील प्रमुख नावे होत. लोथर यांचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ हे पुस्तक १९४९ मध्ये आणि दोघांनी मिळून लिहिलेला ‘ब्रीडिंग बर्ड्स ऑफ काश्मीर’ हा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ब्रिटिश सत्ता गेल्यानंतर त्या काळातील छंदाची ही फलिते ग्रंथरूपाने बाहेर आली. काश्मीरवरील ग्रंथाच्या शीर्षकातच वीण हा शब्द आहे, यावरून घरट्याचा मोह किती खोल रुजला होता, याची कल्पना येते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. घरटी शोधून कोण देत असे? उंच झाडावर चढून लपणाचे मचाण कोण बांधत असे? काचेच्या प्लेटांची जड पेटी कोण वाहत असे? गुराखी, शिकारी जमातींतील माणसे, शिकाऱ्यांचे आणि साहेबांचे नोकर यांच्याखेरीज हा छंद एक दिवसही चालला नसता. परंतु चित्राखाली नाव येते ते कळ दाबणाऱ्याचे. वासाहतिक ज्ञाननिर्मितीतील श्रमविभागणीचे जे चित्र भूमापनात किंवा वनस्पतिशास्त्रात दिसते, तेच येथेही दिसते. फरक एवढाच की येथे त्याला छंद म्हटले गेल्यामुळे कोणी विचारले नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या छंदाला एक वेगळा आश्रयदाता लाभला. सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो (१९१५-१९६४) हे फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे सिंगापूर सोडून निघाले. त्यांच्या जहाजावर बाँबहल्ला झाला, त्यात ते गंभीर भाजले आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली होती. त्यातून वाचून ते भारतात आले. मुंबईत त्यांचा सलीम अलींशी परिचय झाला आणि त्याचे रूपांतर आयुष्यभराच्या स्नेहात झाले. दृष्टी गमावून परत मिळवलेला माणूस पुढे पाहण्याच्याच छंदात रमला, याचा अर्थ लावण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. दोघांनी मिळून केलेल्या दौऱ्यांमुळे भारतीय पक्ष्यांची उत्तम छायाचित्रे उपलब्ध झाली आणि सलीम अलींच्या संशोधनाला आर्थिक बळही मिळाले. लोक यांचे ‘अ कंपनी ऑफ बर्ड्स’ हे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. १९६४ च्या जूनमध्ये तैवानमधील विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हा छंद वेळ आणि पैसा या दोन्हींची सुबत्ता मागतो, याचे ते ठळक उदाहरण होत. याच्या उलट मद्रासचे एम. कृष्णन (१९१२-१९९६) यांनी निरनिराळे सुटे भाग जुळवून स्वतःच कॅमेरा तयार केला आणि कृष्णधवल छायाचित्रणावरच निष्ठा ठेवली. ‘द स्टेट्समन’मधील त्यांचे सदर १९५० पासून त्यांच्या निधनापर्यंत चालले.

रानपिंगळ्याचे प्रकरण

कातडे आणि छायाचित्र यांपैकी कोणता पुरावा अधिक विश्वसनीय, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पहाटे दारात येणाऱ्या पिंगळ्यामुळे हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. पण रानपिंगळा हा पक्षी शास्त्रज्ञांनाही शतकभर दिसला नव्हता. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर खानदेशात नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने तेथून काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत त्याची अवघी सात कातडी होती. त्यांपैकी एकावरील चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी हे स्थळ, १९१४ हे वर्ष आणि रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हे नाव होते.

शोध घेणाऱ्यांना या चिठ्ठीने चुकीच्या दिशेला नेले. अमेरिकन संशोधक पामेला रासमुसेन यांनी नमुन्यांची बारकाईने व क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. माइनर्ट्‌झहागेनच्या नावावरील कातडे मुळात डेव्हिडसनचे होते, ते ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा पेंढा भरून, खोट्या चिठ्ठीसह सादर केले गेले होते, असे त्यातून उघड झाले. ही चिठ्ठी बाजूला सारून, खऱ्या नमुन्यांच्या स्थळांवर भर देऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारजवळ, शहाद्याच्या परिसरात त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर मिळालेला हा पक्षी त्यांनी मारला नाही. त्याची छायाचित्रे व चलचित्रे घेतली आणि जगाने तेवढा पुरावा मान्य केला.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणात साधनचिकित्सेचा संपूर्ण धडा सापडतो. संग्रहालयातील प्रत्यक्ष वस्तू खरी होती, तिच्यावरचा लेख खोटा होता. बनावट सनदांच्या अभ्यासकाला यात नवीन काही नाही. परंतु म्हणून छायाचित्र निर्दोष ठरते असेही नाही. मधल्या काळात विदर्भातून रानपिंगळा म्हणून पुढे आलेले एक छायाचित्र नंतर साध्या ठिपकेदार पिंगळ्याचे असल्याचे ठरले. चित्र खरे होते, ओळख चुकली होती. तरीही छापलेले चित्र दुसऱ्याला पुन्हा तपासता येते, हा त्याचा गुण मान्य करावा लागेल. २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईच्या इतक्या जवळ, रानपिंगळा नोंदवला गेला.

हीच वाट पुढे अरुणाचल प्रदेशात अधिक स्पष्ट झाली. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ आणि छंदाने पक्षिनिरीक्षक असलेले, पुण्यात कार्यरत डॉ. रमणा अत्रेय यांना १९९५ मध्ये ईगलनेस्टच्या जंगलात एक अनोळखी पक्षी दिसला. २००६ मध्ये त्यांनी नवी जात म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पक्ष्यांची संख्या अत्यल्प असल्याने एकही पक्षी मारणे त्यांना मान्य नव्हते. जाळ्यात धरून सोडून दिलेल्या पक्ष्याची छायाचित्रे, टिपणे आणि गळलेली पिसे यांवरच त्यांनी वर्णन केले. जातीचे नाव त्यांनी तेथील बुगुन जमातीवरून ठेवले. लोथर यांच्या काळातील निनावी वाटाड्यांच्या पार्श्वभूमीवर हे नामकरण उल्लेखनीय आहे.

‘शिकार’ या शब्दाची व्याख्या

आता घरट्याकडे परत येणे आवश्यक आहे. कॅमेऱ्यापुढे येणाऱ्या फांद्या बाजूला बांधणे किंवा छाटणे ही छायाचित्रकारांची जुनी रीत. त्यामुळे चित्र स्वच्छ येते, पण घरटे उन्हाला आणि कावळ्यांना उघडे पडते. छायाचित्रकार निघून गेल्यावर पिल्लांचे काय झाले, हे चित्रात दिसत नाही. कातड्याच्या बाबतीत मृत्यू निदान नोंदला तरी जात असे. चित्राने झालेली हानी कोठेच नोंदली जात नाही. म्हणूनच अनेक नियतकालिके आणि स्पर्धा आता घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारत नाहीत.

कायद्याने हा मुद्दा फार आधी ओळखला होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत मारणे आणि पकडणे तर आहेच, शिवाय रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे हेही समाविष्ट आहे. त्याच अधिनियमाच्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी देता येते. म्हणजे छायाचित्रकाराला परवाना देणारा आणि घरटे विचलित करणाऱ्या छायाचित्रकाराला शिकारी ठरवणारा कायदा एकच आहे. आपल्याकडील छायाचित्रकारांपैकी किती जणांनी ही व्याख्या वाचली असेल, याविषयी प्रस्तुत लेखक साशंक आहे.

अंकीय कॅमेऱ्यामुळे फिल्मचा खर्च गेला, लांब पल्ल्याची भिंगे आली आणि छंद उच्चभ्रू वर्तुळाबाहेर पडला. उजनी जलाशयावर भिगवण, कुंभारगाव येथे हिवाळ्यात रोहित पक्ष्यांसाठी छायाचित्रकारांची वर्दळ असते. ज्या धरणाने भीमाकाठची गावे उठवली, त्याच पाण्यावर मासेमारी करणाऱ्या कुटुंबांना नावेच्या फेऱ्यांतून चार पैसे मिळतात. येथे निरीक्षणाची खरी विद्या नावाड्याकडे असते. कोणत्या वेळी कोणत्या उथळीवर थवा उतरेल, हे त्याला ठाऊक असते. पण गिऱ्हाइकाला थवा उडतानाचा हवा असतो. नाव किती जवळ न्यायची, याचा निर्णय त्या क्षणी नावाड्याने घ्यायचा असतो, आणि फेरीचे पैसे अजून त्याच्या हाती पडलेले नसतात.