भीमायन (चित्रकादंबरी)

भीमायन ही डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना आलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर आधारलेली मूळ इंग्रजी चित्रकादंबरी आहे. २०११ मध्ये नवयान या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे असून चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दांपत्याची आहेत. ब्रिटिश कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी तिला प्रस्तावना लिहिली. महाड येथील चवदार तळ्याचा सत्याग्रह हा या पुस्तकातील एक प्रमुख प्रसंग आहे.

काटेकोर अर्थाने ही अद्भुतकथा नव्हे. तिच्यातील घटना खऱ्या आहेत. परंतु तिच्या पानांवर आगगाडी सापाचे रूप घेते आणि तहानलेल्या मुलाचे धड मासा होऊन जाते. कल्पनारम्य साहित्याची गोडी असलेल्या किशोर वाचकाला ही दृश्यभाषा परकी वाटत नाही.

रचना

पुस्तकाचा मुख्य आधार आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथनपर टिपण आहे. ते त्यांच्या हयातीत प्रकाशित झाले नव्हते. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले. चित्रकादंबरीचे पाणी, निवारा आणि प्रवास असे तीन भाग आहेत. बडोद्यात संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या, परदेशात शिकून आलेल्या आंबेडकरांना पारशी विश्रामगृहातून हुसकावून लावल्याची हकीकत दुसऱ्या भागात येते.

या सर्वांभोवती वर्तमानकाळातील एका संवादाची चौकट आहे. बसथांब्यावर उभा असलेला एक तरुण नोकऱ्यांतील आरक्षणाबद्दल कुरकुर करतो आणि तेथील एक स्त्री त्याला हा इतिहास ऐकवते. मधूनमधून जातीय अत्याचारांच्या अलीकडील बातम्यांची कात्रणेही येतात. हा संवाद काही ठिकाणी पाठ्यपुस्तकी होतो, आणि चित्रांच्या तुलनेत तो पुस्तकाचा दुबळा भाग म्हणावा लागेल.

महाडचा प्रसंग

पहिला भाग १९०१ च्या सुमारास साताऱ्यातील शाळेत सुरू होतो. लहानग्या भीमाला नळाला हात लावण्याची मुभा नाही. शिपाई असेल तरच पाणी, तो नसेल तर नाही. पुढे वडिलांना भेटण्यासाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती वाट धरतात. मूळ टिपणात आंबेडकर सांगतात की जवळ भरपूर अन्न होते, पण पाणी न मिळाल्याने मुलांना उपाशीच झोपावे लागले.

महाडचा सत्याग्रह मात्र त्या टिपणातील आठवणींत नाही. लेखकद्वयाने तो याच भागात आणून बसवला, आणि पुस्तकाचा सर्वांत मोलाचा निर्णय हाच आहे. नुसत्या आठवणींवर भर दिला असता तर वाचकापुढे केवळ सोसणारा मुलगा उभा राहिला असता. येथे तहानेने व्याकूळ झालेला तोच मुलगा मोठा होऊन हजारो माणसांसह तळ्याकाठी येतो.

ऐतिहासिक क्रम असा : सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या संघटनेत जवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा मोठा वाटा होता. २० मार्चला आंबेडकरांनी व परिषदेस आलेल्यांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. प्रकरण न्यायालयात गेले; मुंबई उच्च न्यायालयाचा आंबेडकरांच्या बाजूचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला.

पुस्तक सांगत नाही, पण स्थानिक वाचकाच्या सहज ध्यानात येईल अशी एक गोष्ट नोंदवायला हवी. महाड-पोलादपूर हा अवर्षणाचा मुलूख नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि पावसाळ्यात शहरात पुराचे पाणी शिरणे नेहमीचेच आहे. अशा ठिकाणची तहान ही निसर्गाची नव्हती.

चित्रशैली

परधान गोंड घरांच्या भिंतींवर व जमिनीवर ‘डिगना’ नावाची नक्षी काढली जाते. व्याम दांपत्याने पात्रांना चौकोनी चौकटींत कोंडण्यास नकार दिला आणि डिगनाच्या वळणदार पट्ट्यांनी पाने विभागली. संवादांचे फुगेही अर्थवाही आहेत. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, जातीचे विष असलेल्या शब्दांना विंचवाची नांगी असते, तर मनातील विचारांच्या फुग्याला डोळा असतो. त्यामुळे शब्द वाचण्याआधीच बोलणाऱ्याची वृत्ती कळते. महाडच्या सभेच्या चित्रात ध्वनिक्षेपकांतून श्रोत्यांवर पाण्याचा शिडकावा होतो.

किशोर वाचक

महाराष्ट्रातील मुलांना चवदार तळे पाठ्यपुस्तकांतून आणि भीमगीतांतून ठाऊक असते. तेथे आंबेडकर बहुधा कोट घातलेले, हाती ग्रंथ असलेले महापुरुष असतात. भीमायनमध्ये ते प्रथम दहा वर्षांचे, गोंधळलेले, आपण काय चुकलो हे न कळणारे मूल म्हणून भेटतात. समवयस्क वाचकाशी नाते जुळते ते येथे.

सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या अनेक पुस्तकांत वंचित समूहातील पात्र असते, परंतु त्याचे जग रंगवण्याची पद्धत जुनीच राहते. येथे दलित नायकाची कथा आदिवासी कलावंतांनी आपल्या चित्रपरंपरेतून मांडली आहे. मासे, पक्षी, मोर व झाडे ही त्या परंपरेतील नेहमीची सृष्टी कथेत मुक्तपणे वावरते.

ब्रिटनमध्ये टेट प्रकाशनाने २०१३ मध्ये हे पुस्तक ‘आंबेडकर : द फाइट फॉर जस्टिस’ या नावाने काढले. दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला.