पिंगळा आणि रानपिंगळा

आमच्याजवळच्या बागेत एका रेन ट्रीच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. दिवे लागायच्या सुमारास दोघं बाहेर येतात आणि फांदीवर अंगाला अंग लावून बसतात. साळुंकीएवढा जीव, पाठीवर पांढरे ठिपके, पिवळेजर्द डोळे. आपण खाली उभं राहून बघायला लागलो की तेही मान खाली-वर करत आपल्याला निरखतात. फिरायला आलेली मंडळी मात्र "घुबड आहे, अपशकुनी" म्हणत पुढे सटकतात.

याच पक्ष्याच्या नावाने ‘पिंगळा’ म्हणून ओळखले जाणारे जोशी पहाटे कुडमुडं वाजवत दारोदार येत. आपल्याला पिंगळ्याची भाषा कळते, त्यावरून भविष्य सांगतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे पिंगळ्याचं ओरडणं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. पण पक्ष्याकडे नीट बघितलं किती जणांनी? हा प्रश्न पडायचं कारण म्हणजे त्याचा चुलतभाऊ, रानपिंगळा.

डिसेंबर १८७२ मधे ब्लेविट यांना हा पक्षी आजच्या छत्तीसगडमधे मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूमसाहेबांनी (हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ॲलन ह्यूम!) त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. मग जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र रानपिंगळा गायब. संग्रहालयांत उरले फक्त सात नमुने.

त्यांतल्या एकावर चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, १९१४. नमुना कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांचा. मोठं नाव, त्यामुळे शंका कोण घेणार? म्हणजे हा पक्षी १९१४ पर्यंत तरी होता आणि गुजरातेत होता, असं कागदावर पक्कं झालं. १९७० च्या दशकात सलीम अली आणि रिप्ले यांनीही शोध घेतला. हाती काही लागलं नाही.

पामेला रासमुसेन यांनी हे जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. कर्नलसाहेबांनी डेव्हिडसन यांचाच नमुना ब्रिटिश संग्रहालयातून लांबवला होता, त्यातली भरणी बदलली होती आणि वर खोटी चिठ्ठी लावली होती. मग रासमुसेनबाईंनी मांडवी यादीतून काढून टाकली आणि उरलेल्या खऱ्या जागा धरून त्या बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ (तेव्हा धुळे, आता नंदुरबार जिल्हा) रानपिंगळा समोर बसलेला दिसला. चक्क दिवसाउजेडी! तब्बल ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ मधे मुंबईच्या उशाशी असलेल्या तानसा अभयारण्यातही.

गंमत बघा. हा पक्षी दिवसा वावरतो, ओरडतो, झाडाच्या शेंड्यावर उघड बसतो. सातपुड्यातल्या लोकांच्या डोळ्यांपुढे तो असणारच. पण त्यांना विचारायला कोणी गेलं नाही, आणि एका बड्या माणसाची चिठ्ठी मात्र कित्येक वर्षं खरी मानली गेली.

म्हणून मला वाटतं, साध्या माणसाच्या वहीतली "अमुक तारीख, अमुक झाड, दोन दिसले" ही ओळही मोलाची आहे. दिसले नाहीत तर "दिसले नाहीत" असंच लिहावं. शंभर वर्षांनी कुणीतरी त्या ओळीवर विसंबून रानात जाईल.