कोंडवाडा
१. मोकाट जनावरे कोंडायचे कुंपणाचे आवार. नागपूरकडे 'कांजी हाऊस'. त्या नावाचा चौक उत्तर नागपुरात आजही आहे. 1871 च्या कायद्यानुसार पिकात शिरलेले जनावर धरून शेतकऱ्याने चोवीस तासांत कोंडवाड्यात धाडायचे, मालकाने दंड व वैरणीचा खर्च भरून सोडवायचे. सात दिवसांत कोणी फिरकले नाही तर पोलीस ठाण्यात नोटीस लागे, गावात नि बाजारात दवंडी पिटली जाई. त्यानंतर सात दिवसांनी लिलाव. (कायद्याच्या यादीत हत्तीही आहे, त्याला कोण धरणार!) जनावर जबरदस्तीने सोडवून नेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद होती. तेव्हा कोंडवाड्यातून रात्री जनावरे पळवून नेणे वाचकांनी नुसती गंमत समजू नये. – संपादक