सौर वीज संच, घरगुती (भंडारा जिल्हा)

सूर्यप्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी पॅनेले, ती वीज साठविणारी संचायक घटमाला म्हणजे बॅटरी आणि बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे घरगुती वापराच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर या तीन भागांच्या जुळणीस घरगुती सौर वीज संच म्हणतात. भंडारा जिल्ह्यात, किंबहुना विदर्भाच्या बहुतेक ग्रामीण भागात, असा संच एकाच वेळी आराखडा करून क्वचितच उभा राहिला. गरज व पैसा यांच्या सोयीने तो टप्प्याटप्प्याने वाढला. त्यामुळे वेगवेगळ्या काळांतील व मापांची पॅनेले, इन्व्हर्टर व बॅटऱ्या एकाच घरात नांदताना दिसतात. या मिश्र संचाचे गुणदोष समजण्यासाठी त्याच्या प्रत्येक भागाचा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरते.

प्रकाशामुळे विद्युत् दाब निर्माण होतो, हे एदमाँ बेक्रेल या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८३९ मध्ये दाखविले. पुनःपुन्हा भारित करता येणारी शिसे-अम्ल बॅटरी गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. व्यवहारोपयोगी सिलिकॉन सौर घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये बनला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. भारतात साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७७ मध्ये सौर घट व १९७८ मध्ये पॅनेल तयार केले. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (मेडा) १९८६ पासून राज्यात अपारंपरिक ऊर्जेचे काम पाहू लागले.

शासकीय योजनांतून खेड्यांत गेलेल्या सौर गृहदीप संचाचे एक ठरीव माप होते : ३७ वॉटचे पॅनेल, १२ व्होल्ट व ४० अँपिअर-तासांची बॅटरी आणि ९ वॉटचे दोन दिवे. दोन्ही दिवे रोज चार तास जळाले तरी ७२ वॉट-तास खर्च होत. बॅटरीची साठवण ४८० वॉट-तासांची होती. म्हणजे सलग तीन दिवस आभाळ भरून राहिले, तरी बॅटरी निम्म्याच्या फारशी खाली जात नसे. सु. १,३०० मिमी. पाऊस पडणाऱ्या या धानपट्ट्यात हा हिशेब फार मोलाचा होता. नंतरच्या अनेक मोठ्या संचांत तो पाळला गेला नाही.

दुसरा टप्पा सौर नव्हताच. २००५ ते २०१२ या काळात महाराष्ट्रात भारनियमन तीव्र होते व ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. विदर्भात औष्णिक केंद्रे असूनही तेथील घरे अंधारात राहत, ही तक्रार त्या काळी नित्याची होती. (१९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यात असलेल्या तिरोडा येथे पुढे ३,३०० मेगॅवॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले.) ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर व नळीदार पट्टिकांच्या शिसे-अम्ल बॅटऱ्या घेतल्या आणि त्या तारेवरील विजेनेच भारित केल्या. छतावरील पॅनेल बहुधा त्यांना मागाहून जोडले गेले. म्हणजे संचाचा क्रमच उलटा झाला : साठवण आधी आणि निर्मिती नंतर.

मिश्रणाची खरी अडचण पॅनेलांच्या जोडणीत आहे. जुने ३६ घटांचे ७५ वॉटचे पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनविलेले असे, ते सु. १७ व्होल्ट दाबाने ४.४ अँपिअर प्रवाह देते. नंतरचे ७२ घटांचे ३३५ वॉटचे पॅनेल सु. ३७ व्होल्टला ९ अँपिअर, तर २०२० नंतर प्रचारात आलेले ५४० वॉटचे पॅनेल सु. ४१ व्होल्टला १३ अँपिअर देते. एकसर जोडणीत सर्व पॅनेलांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे कमी प्रवाहाचे पॅनेल इतरांना अडवून धरते. ३३५ व ५४० वॉटची पॅनेले एकसर जोडल्यास ८७५ वॉटांऐवजी सु. सव्वासातशे वॉटच हाती लागतात. ७५ वॉटच्या पॅनेलास ५४० वॉटचे जोडल्यास जुन्याचा उपयोग जवळजवळ शून्य होतो. समांतर जोडणीत हीच अडचण दाबाची असते. तेव्हा समान प्रवाहाची पॅनेले एकसर, समान दाबाची समांतर आणि दोन्हींत न बसणारी वेगळ्या भारण-नियंत्रकावर, हाच मार्ग उरतो. वेगळा नियंत्रक घेणे खर्चाचे वाटते. पण जुने पॅनेल वाया घालविण्यापेक्षा ते पुष्कळदा स्वस्त पडते.

बॅटऱ्यांचे मिश्रण याहून घातक होय. जुनी व नवी शिसे-अम्ल बॅटरी एकसर जोडल्यास जुनी आधी रिकामी होते, आधीच भरून तापते व नवीलाही लवकर निकामी करते. जॉन गुडइनफ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेल्या लोह-फॉस्फेट रसायनावरील लिथियम बॅटरी खोलवर वापरता येते. परंतु पूर्ण भारित असताना तिचा दाब १३.३ व्होल्टांच्या आसपास, तर शिसे-अम्ल बॅटरीचा १२.७ व्होल्ट असल्याने दोन्ही एकत्र जोडणे योग्य नसते.

उदाहरणादाखल, ७५ वॉटचे तीन पंखे रात्री आठ तास व ९ वॉटचे पाच दिवे पाच तास चालविण्यास सु. २ युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट मावतात. पण आयुष्य टिकविण्यासाठी निम्मेच, म्हणजे १.८ युनिट वापरावे लागतात. पहाटेपूर्वी पंखे बंद पडतात ते यामुळे. तिसरी बॅटरी घेण्याऐवजी ३० वॉटचे पंखे बसविल्यास गरज एका युनिटाच्याही खाली येते. उन्हाळ्याचा भरवसाही पुरा नाही. ४५° से. तापमानाच्या दुपारी घट ७०° से.पर्यंत तापतात व उत्पादन १५ ते १८ टक्क्यांनी घटते. उलट जानेवारीतील थंड सकाळी दाब वाढतो. एका मालिकेत किती पॅनेले जोडावीत हे इन्व्हर्टरची मर्यादा पाहून त्या सकाळीच्या दाबावरून ठरवावे लागते.

पॅनेले जिल्ह्यातच बनतील अशी आशा एकदा निर्माण झाली होती. साकोलीनजीक मुंडीपार येथे भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याची कोनशिला मे २०१३ मध्ये बसविण्यात आली; सिलिकॉन चकत्यांपासून पॅनेलांपर्यंत वर्षाला ६०० मेगॅवॉट उत्पादनाची योजना होती. पुढील दहा वर्षांतही तेथून एक पॅनेल बाहेर पडले नाही. ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना रोजगार मिळाला नाही.

राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ मध्ये नक्त मापनाचे (नेट मीटरिंगचे) नियम केले व छतावरील जादा वीज तारेत सोडता येऊ लागली. मात्र केवळ तारेशी जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच स्वतःही थांबतो. खांबावर काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या जिवासाठी ते आवश्यक असते. त्यामुळे छतावर तीन किलोवॉट पॅनेले असूनही वादळी रात्रीच नव्हे, तर भर दुपारीही घर विजेविना राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रु. अनुदान ठेवले गेले. ते देशी घटांच्या देशी पॅनेलांनाच लागू असून बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही. जुनी पॅनेले या संचात धरता येत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे आधीचा संच आहे, त्याला दोन्ही वेगळेच ठेवणे सोयीचे पडते : एका बाजूस तारेला जोडलेली नवी रांग व दुसऱ्या बाजूस रात्रीचे दिवे-पंखे सांभाळणारी जुनी पॅनेले, त्यांच्या स्वतंत्र बॅटरीसह.