पंडिता रमाबाईंची श्रद्धा आणि संशय : दोन साधनांची तुलना

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मजीवनाचा विचार करताना २९ सप्टेंबर १८८३ हा दिवस मध्यबिंदू मानण्याची प्रथा आहे. त्या दिवशी इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी संशय आणि त्यानंतर श्रद्धा, अशी विभागणी मग सहजच केली जाते. उपलब्ध साधने या विभागणीस अनुकूल नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. एक, १९०७ साली प्रसिद्ध झालेले बाईंचे इंग्रजी आत्मनिवेदन. दुसरे, त्यांच्या इंग्लंडमधील वास्तव्यातील आणि त्यानंतरचा पत्रव्यवहार. तो वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनी संकलित केला व १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पहिले साधन वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मागे वळून लिहिलेले आहे. दुसरे घटना घडत असतानाचे आहे.

आत्मनिवेदनात संशयाचा उगम दुष्काळात दाखविला आहे. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थाटन व पुराणकथन यांवर जगत असे. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात व्रते, दाने व स्नाने यथाविधि करूनही मातापिता आणि थोरली बहीण मृत्युमुखी पडली. पुढे १८७८ मध्ये रमाबाई भावासह कलकत्त्यास गेल्या. तेथे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यासाठी धर्मशास्त्रे वाचताना त्यांना असे आढळले, की अन्य बाबतींत परस्परविरुद्ध असणारे ग्रंथ स्त्रीजातीची हीनता प्रतिपादण्यात मात्र एकमत आहेत. आत्मनिवेदनानुसार येथेच त्यांची परंपरागत श्रद्धा ढळली.

परंतु १८८२ मध्ये पुण्यास असताना लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथात बंडाचा हा स्वर नाही. स्त्रियांनी विद्या संपादून स्वावलंबी व्हावे, हा त्यातील उपदेश असून त्याची मांडणी बव्हंशी परंपरेच्या चौकटीत केली आहे. यावरून आत्मनिवेदन असत्य ठरते, असे मात्र नव्हे. नुकतेच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या समाजात नव्याने आलेल्या स्त्रीला मनातील सारे लिहिता आले असेलच, असे नाही. ग्रंथातील मौन हा श्रद्धेचा पुरावा होऊ शकत नाही. इतकेच म्हणता येते, की १९०७ च्या लेखनात जी पायरी स्पष्ट दिसते ती १८८२ मध्ये इतकी स्पष्ट असेलच, असे धरून चालता येत नाही.

बाप्तिस्म्यानंतरची पत्रे अधिक बोलकी आहेत. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना, विशेषतः १८८५ मध्ये, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि त्रैक्य यांविषयी बाईंनी उघड शंका घेतल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांची या विषयांवर चर्चा झाली. सिस्टर जेराल्डीन यांना ही वृत्ती अहंकाराची वाटली. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, या आशयाचे उत्तर बाईंनी दिले. त्या वेळी त्या चर्चच्या सभासद होत्या. तरीही कोणते मत ग्राह्य, हे मूळ ग्रंथ वाचून स्वतः ठरविण्याचा अधिकार त्यांनी सोडला नव्हता. या वादाचा शेवट काय होणार, हे १८८५ मध्ये उभयतांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते.

आत्मनिवेदनात हा कालखंड निराळ्या अर्थाने येतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, याची जाणीव झाल्याचे बाई सांगतात. या दृष्टीने पूर्वीचा बुद्धिवाद अपूर्णतेची खूण ठरतो. शारदासदन १८८९ मध्ये मुंबईस स्थापन झाले व पुढच्या वर्षी पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे व भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. १८९८ मध्ये केडगावी मुक्तिसदन उभे राहिले आणि १९०५ मध्ये तेथे धर्मजागृतीची मोठी लाट आली. त्या लाटेनंतर दोनच वर्षांनी हे निवेदन प्रसिद्ध झाले. म्हणून १८८५ च्या मनःस्थितीपेक्षा १९०७ च्या निष्ठेचा पुरावा म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

मग उत्तरायुष्यात संशय विरून गेला काय? सिद्धांतांविषयीचा संशय ओसरला, असे दिसते. परंतु ज्या वृत्तीतून तो उपजला होता, ती टिकून राहिली. हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून बाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि अखेरपर्यंत त्यावर श्रम केले. प्रचलित भाषांतरावर विसंबून न राहता मूळ शब्दापाशी जाण्याचा हा आग्रह कलकत्त्यात धर्मशास्त्रे उघडणाऱ्या विशीतील रमाबाईंचाच आहे. श्रद्धेचा विषय पालटला. मध्यस्थाविना वाचण्याचा हक्क मात्र त्यांनी कधीही कोणाच्या स्वाधीन केला नाही. धर्मांतराचा इतिहास लिहिताना दिनांकाबरोबर या सातत्याचीही नोंद व्हावयास हवी.