पासपोर्टचे नूतनीकरण : सरकारी नकाराच्या कायदेशीर मर्यादा

मुदत संपलेला पासपोर्ट नागरिकाला पुन्हा देण्यास नकार देण्याचा भारत सरकारचा अधिकार ‘पासपोर्ट अधिनियम, 1967’ या कायद्याने मर्यादित केला आहे. प्रौढ नागरिकाचा साधा पासपोर्ट सहसा 10 वर्षे चालतो. त्यानंतर मिळणारी पुस्तिका नव्यानेच जारी केलेली असते. म्हणून पहिल्या अर्जाला लागू होणारे कलम 6 नूतनीकरणालाही लागू होते.

1967 पूर्वी पासपोर्ट देण्याविषयी कायदाच नव्हता. तो द्यावा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर असे. परदेशी जाण्याचा हक्क हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने चोइथराम जेठवानी प्रकरणात म्हटले होते. एप्रिल 1967 मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तेच मान्य केले. संविधानाच्या अनुच्छेद 21 नुसार हे स्वातंत्र्य कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीशिवाय हिरावता येत नाही आणि तशी कार्यपद्धती अस्तित्वातच नाही, हे सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या निकालाचे सूत्र होते. सरकारने आधी अध्यादेश काढला आणि जूनमध्ये कायदा अमलात आला.

कलम 6(2) मध्ये नकाराची कारणे दिली असून त्यांखेरीज अन्य कोणत्याही कारणावरून पासपोर्ट नाकारता येणार नाही, असे तेथेच स्पष्ट म्हटले आहे. कायद्याचे सगळे बळ या एका अटीत आहे. अर्जदार भारताचा नागरिक नसणे, त्याच्याकडून परदेशात देशाच्या सार्वभौमत्वाला बाधक कृत्ये होण्याचा संभव, देशाची सुरक्षितता, परराष्ट्रांशी असलेले मैत्रीसंबंध, न्यायालयाचे वॉरंट किंवा समन्स ही त्यांतील काही कारणे होत. ‘लोकहित’ हे सर्वांत सैल कारणही यादीत आहे. मात्र तसे मत केंद्र सरकारचे असावे लागते.

व्यवहारात बहुतेक वाद फौजदारी प्रकरणांवरून होतात. अर्जदाराने केलेल्या कथित गुन्ह्याची कार्यवाही भारतातील फौजदारी न्यायालयात प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. पण केवळ एफआयआर नोंदला गेला किंवा तपास चालू आहे, एवढ्याने कार्यवाही ‘न्यायालयात प्रलंबित’ ठरत नाही. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतलेली असावी लागते, असे अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले आहे. खटला उभा राहिला तरी वाट बंद होत नाही. 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार संबंधित न्यायालयाची परवानगी आणणाऱ्याला या अटीतून सूट मिळते. परवानगीत मुदत दिली असेल तर तेवढ्या काळाचा, दिली नसेल तर एक वर्षाचा पासपोर्ट मिळतो.

शिक्षा झालेल्यांसाठी कसोटी वेगळी आहे. मागील पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षांची कैद झाली असेल, तरच त्या कारणाने नकार देता येतो. वांगला कस्तुरी रंगाचार्युलु प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच आधारे, शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित आहे एवढ्यावरून नूतनीकरण अडवता येत नसल्याचे स्पष्ट केले. डिसेंबर 2025 मधील एका निकालात त्याने आणखी एक महत्त्वाचा भेद अधोरेखित केला : पासपोर्ट हाती असणे वेगळे आणि देशाबाहेर जाण्याची मुभा असणे वेगळे. फौजदारी न्यायालयांनी नूतनीकरणाला हरकत घेतलेली नसताना आणि प्रवासावर त्यांचे नियंत्रण कायम असताना, पुढे गैरवापर होईल या तर्कावर पासपोर्ट कार्यालयाने अडून बसणे योग्य नव्हे.

नकाराची थोडक्यात कारणे लेखी नोंदवणे आणि मागितल्यास त्यांची प्रत देणे कलम 5(3) नुसार बंधनकारक आहे. सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध, लोकहित अशा कारणांसाठी प्रत रोखता येते. नोंद मात्र टाळता येत नाही. मनेका गांधी यांचा पासपोर्ट जुलै 1977 मध्ये लोकहिताच्या नावाखाली जप्त झाला आणि कारणे सांगण्यासही सरकारने नकार दिला. 25 जानेवारी 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे असा दंडक घालून दिला. संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी देणे हा त्याचाच भाग. प्रकरण जप्तीचे होते, तरी नूतनीकरणाच्या वादांतही हाच निकाल आधाराला घेतला जातो.

पोलीस पडताळणीचा प्रतिकूल अहवाल हे स्वतंत्र कारण नाही. अहवालातील मजकूर कलम 6 च्या कोणत्या खंडात बसतो, हे पासपोर्ट अधिकाऱ्याने स्वतः तपासायचे असते. माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांच्या मातोश्रींच्या पासपोर्टचे नूतनीकरण गुप्तचर विभागाच्या अहवालावरून अडले, तेव्हा जम्मू-काश्मीर आणि लडाख उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला. अधिकाऱ्याने त्या विभागाचे मुखपत्र बनू नये, असे न्यायालयाने सुनावले.

नकाराविरुद्ध कलम 11 खाली विहित मुदतीत अपील करता येते. परदेशातील भारतीय वकिलातीने दिलेल्या नकारालाही हीच तरतूद लागू आहे. आदेश खुद्द केंद्र सरकारचा असेल, तर अपिलाची सोय नाही. तेव्हा अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग उरतो. अशा याचिकांत न्यायालये पुष्कळदा नकार रद्द करून ठरावीक मुदतीत अर्जाचा फेरविचार करण्याचा आदेश देतात.