बर्फाविना आइस हॉकी

आइस हॉकीची पहिली सोव्हिएत राष्ट्रीय स्पर्धा १९४६ साली सुरू झाली. थंडी सरली की बर्फ वितळे. कृत्रिम बर्फ दुर्मिळ. मग प्रशिक्षक अनातोली तारासोव यांनी पोरांना मातीवरच घडवलं. धावणं, वजनं उचलणं, जोडीदाराला पाठीवर घेऊन उड्या मारणं. पाठीवर माणूस घेतला की संघभावना वेगळी शिकवावी लागत नसावी, मंडळी! १९६४ पासून ‘सोनेरी चकती’ या स्पर्धेत वस्त्यावस्त्यांतली मुलं उतरू लागली.

२ सप्टेंबर १९७२ रोजी मॉन्ट्रियलमध्ये सोव्हिएत संघानं कॅनडाच्या व्यावसायिक खेळाडूंना ७-३ असं हरवलं. तारासोव त्याच वर्षी राष्ट्रीय संघातून पायउतार झाले होते. गोलात मात्र त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, २० वर्षांचा व्लादिस्लाव त्रेत्याक उभा होता.